हक्क नसताना मिळते ते : ‘ग्रेस’ या शब्दाचे अनेक अर्थ

मराठी घरांत ‘ग्रेस’ हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो तो निकालाच्या दिवसांत. कोणी गणितात ‘ग्रेसने सुटलेला’ असतो, तर कोणाचे दोन गुणांसाठी जाणारे वर्ष ‘ग्रेस मिळाल्यामुळे’ वाचलेले असते. हाच शब्द विम्याचा हप्ता भरायचा राहिला की एजंटाच्या तोंडी येतो, कचेरीच्या हजेरीपटात दहा मिनिटांच्या सवलतीला चिकटतो आणि नृत्यस्पर्धेचे परीक्षक एखाद्या मुलीच्या हालचालींचे कौतुक करताना वापरतात. चर्चमध्ये त्याचा अर्थ देवाची कृपा असा होतो, इंग्रजी पद्धतीच्या जेवणाच्या टेबलावर तो प्रार्थनेचे नाव असतो आणि आर्चबिशपांना उद्देशून बोलताना ती आदराची पदवी होते. (डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे ते आडनाव होते आणि नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी ते कवी म्हणून धारण केले, हा भाग वेगळा.) वरवर पाहता या अर्थांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तरीही त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : देणाऱ्यावर बंधन नसताना आणि घेणाऱ्याचा हक्क नसताना जे दिले जाते, ते ग्रेस. ही कल्पना जेव्हा जेव्हा नियमात, कायद्यात किंवा परिपत्रकात बसवली गेली, तेव्हा तेव्हा ती हळूहळू हक्क होऊन बसली आणि मागे नाव तेवढे कृपेचे राहिले. या शब्दाची खरी गंमत तिथे आहे.

शब्द लॅटिन ‘ग्रातिया’पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘ग्रातुस’ म्हणजे प्रिय, सुखावह आणि कृतज्ञही. संस्कृतात ‘गृणाति’ म्हणजे स्तुती करतो आणि ‘गूर्त’ म्हणजे स्वागतार्ह किंवा प्रशंसित. भाषाशास्त्रज्ञ हे शब्द आणि लॅटिन ‘ग्रातुस’ एकाच प्राचीन धातूपासून आलेले मानतात. लॅटिनमध्ये ‘ग्रातिया’ला तीन बाजू होत्या : पाहणाऱ्याला सुखावणारे रूप, वरच्याने खालच्यावर केलेली मेहेरबानी आणि त्या मेहेरबानीबद्दल खालच्याने मानलेले आभार. इंग्रजी ‘ग्रेस’चे जवळजवळ सगळे अर्थ या तिन्हींपैकी कुठल्या ना कुठल्या बाजूला जाऊन बसतात. फुकट या अर्थाचा ‘ग्रॅटिस’, निवृत्तीच्या वेळची ‘ग्रॅच्युइटी’ आणि एखाद्या राजदूताला देश सोडायला लावताना वापरला जाणारा ‘पर्सोना नॉन ग्राटा’ हे सगळे याच कुळातले.

ख्रिस्ती धर्माच्या आधी ग्रीकांकडे याच अर्थाचा ‘खारिस’ हा शब्द होता आणि त्या नावाच्या तीन देवताही होत्या : अग्लाया, युफ्रोसिनी आणि थालिया. रोमन लोक त्यांना ‘ग्रातिये’ म्हणत. चित्रांत आणि शिल्पांत त्या एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. त्या तीनच का, याचे एक स्पष्टीकरण रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने नोंदवले आहे : एक उपकार करणारी, दुसरी तो स्वीकारणारी आणि तिसरी त्याची परतफेड करणारी. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे मेहेरबानी ही देवाणघेवाणीच्या वर्तुळात फिरणारी गोष्ट होती आणि घेतलेल्या उपकाराची फेड अपेक्षित होती.

हे वर्तुळ तोडले ते संत पौलाने. नव्या कराराच्या ग्रीक मजकुरात त्याने ‘खारिस’ हाच शब्द घेतला, पण त्याला असा अर्थ दिला की देवाची कृपा ही माणसाच्या कर्माचे फळ नसते आणि तिची फेडही होऊ शकत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात तारण कृपेने होते, ते देवाचे दान आहे, कर्मांनी मिळवलेले नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मराठी बायबलमध्येही या ठिकाणी ‘कृपा’ हाच शब्द आहे. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात ‘कृपा’ हा शब्द येत नाही, पण कल्पना तिथे जितकी नीट कळते तितकी प्रवचनांतून कळत नाही. मळ्याचा मालक पहाटे काही मजूर लावतो आणि दिवसाला एक दिनार मजुरी ठरवतो. पुढे दर काही तासांनी तो आणखी मजूर आणत राहतो. शेवटचे तर दिवस मावळायला तासभर उरला असताना कामाला लागतात. संध्याकाळी तो सर्वांना एकेक दिनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात, तेव्हा मालक म्हणतो की तुमच्याशी जे ठरले ते तुम्हाला मिळाले, माझ्या पैशाचे मी काय करावे हा माझा प्रश्न. पहाटेच्या मजुराला मिळाला तो न्याय आणि संध्याकाळच्या मजुराला मिळाली ती कृपा. नाणे तेच, पण देण्याचे कारण निराळे. वाचकाची सहानुभूती बहुधा कुरकुर करणाऱ्यांकडेच जाते आणि दृष्टांत सांगणाऱ्याला तेच हवे असावे.

यातून जो वाद उभा राहिला तो चर्चमध्ये दीड हजार वर्षे धुमसत होता. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने सद्वर्तनी होऊ शकतो, असे पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस शिकवत होता. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण तसे असेल तर कृपेची गरजच उरत नाही. कार्थेजच्या धर्मपरिषदेने ४१८ मध्ये पेलागियसचे मत त्याज्य ठरवले. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने ‘केवळ कृपेने’ हे सूत्र पुन्हा पुढे आणले आणि पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन वाटणाऱ्या व्यवस्थेवर हल्ला चढवला. विकत मिळते ती कृपा कसली, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. कॅथलिकांच्या आतही एकमत नव्हतेच. कृपा आणि माणसाची इच्छाशक्ती यांचा मेळ कसा घालायचा, यावर डॉमिनिकन आणि जेझुइट पंडितांचा वाद रोममध्ये १५९७ ते १६०७ अशी दहा वर्षे चालला आणि अखेर पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निर्णय योग्य वेळी देऊ, असे सांगून घरी पाठवले. तो निर्णय कधीच आला नाही. कॅथलिक आणि लूथरन चर्च यांनी या विषयावरचे संयुक्त निवेदन जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे स्वाक्षऱ्या करून जाहीर केले ते ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. रामानुजांच्या परंपरेत तो माकडाच्या आणि मांजराच्या पिलाच्या रूपाने आला : माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तर मांजराच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. मुक्तीसाठी भक्ताला काही करावे लागते की नाही, यावरून श्रीवैष्णवांच्या दोन शाखांत जी चर्चा झाली ती या मर्कटन्याय आणि मार्जारन्यायाच्या भाषेत. वारकरी परंपरेत गुरूने शिष्यावर केलेला ‘अनुग्रह’ हा शब्द रुळलेला आहे आणि तुकोबांनी आपल्याला स्वप्नात झालेल्या अनुग्रहाचे वर्णन करताना सद्गुरूने कृपा केली खरी, पण आपल्या हातून सेवा काहीच घडली नव्हती, असे म्हटले आहे. हा ‘अनुग्रह’ शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढे तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, सरकारी ठरावात, भेटणार आहे.

लॅटिन शब्दाच्या तिसऱ्या बाजूतून, म्हणजे आभारातून, जेवणाआधी म्हणायच्या प्रार्थनेला ‘ग्रेस’ हे नाव मिळाले. मराठी शाळांत डबा उघडण्याआधी ‘वदनी कवळ घेता’ म्हणण्याची जी रीत आहे तिच्याशी ही जुळते. दुसऱ्या बाजूतून, म्हणजे मेहेरबानीतून, पदव्या निघाल्या : इंग्लंडमध्ये ड्यूकना आणि आर्चबिशपांना ‘युअर ग्रेस’ म्हणतात, तर इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांच्या नावाआधी ‘हिज डिव्हाइन ग्रेस’ छापले जाते. राजे स्वतःला ‘देवाच्या कृपेने’ राजे म्हणवत आणि ब्रिटिश नाण्यांवर त्यासाठीची ‘डी जी’ ही दोन अक्षरे आजही असतात. १८४९ मध्ये दोन शिलिंगांचे नवे फ्लोरिन नाणे निघाले तेव्हा ती अक्षरे गाळली गेली आणि लोकांनी त्याला ‘देवाविना फ्लोरिन’ म्हणून इतके झोडपले की पुढच्या रचनेत ती निमूटपणे परत आली. या वाक्प्रयोगाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा : देवाच्या कृपेने राजा झालो, म्हणजे प्रजेच्या कृपेने झालो नाही.

रूप आणि डौल हा अर्थ धर्माहून जुना, तरीही तो मूळ कल्पनेपासून फारसा दूर नाही. ज्या हालचालीत कष्ट दिसत नाहीत, जी सहज उमलल्यासारखी वाटते, तिला ग्रेसफुल म्हणतात. मराठीत त्यासाठी लालित्य किंवा डौल असे शब्द आहेत. फलंदाज चेंडूवर ताकद लावताना दिसला की त्याला आपण दणकेबाज म्हणतो. तोच चेंडू नुसत्या मनगटाने सीमापार गेला की समालोचकाला ‘ग्रेस’ आठवते. मागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, पण पाहणाऱ्याला ते देणे वाटते, कमाई वाटत नाही. पाश्चात्त्य संगीतातील ‘ग्रेस नोट’ तर याहून नेमकी आहे. हा स्वर बारीक आकारात लिहिला जातो, मुख्य स्वराला चाटून जातो आणि मात्रांच्या हिशेबात धरला जात नाही. आपल्याकडच्या कणस्वराचे इंग्रजी भाषांतर म्हणूनच सहसा ‘ग्रेस नोट’ असे करतात. जाता जाता : ‘खारिस’पासून निघालेला ‘करिष्मा’ या उच्चाराच्या जवळचा ‘करिझ्मा’ हा इंग्रजी शब्द मूळचा ‘कृपेने लाभलेली देणगी’ या अर्थाचा आहे, पण आपला ‘करिश्मा’ फारसीतून आलेला, दोघांचे साम्य योगायोगाचे.

मेहेरबानीचा अर्थ कायद्यात शिरला तो आधी माफीच्या रूपाने. फ्रेंचमध्ये ‘ग्रास’ म्हणजे शिक्षेची माफीही. तडफडणाऱ्या जखमीची यातना संपवणारा अखेरचा घाव म्हणजे ‘कू द ग्रास’, अर्थात कृपेचा घाव. आज वर्तमानपत्रे तो नुसता ‘निर्णायक तडाखा’ म्हणून वापरतात आणि त्यातील दया हरवून जाते. राजा आपल्या मर्जीने फाशी माफ करू शकत असे. लोकशाहीत हा अधिकार राष्ट्रप्रमुखांकडे आला, तेव्हा ती मर्जीच राहिली का, असा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी १९२७ मध्ये त्याचे उत्तर दिले : माफी ही सत्ता हाती असलेल्या व्यक्तीची खासगी कृपा नसून राज्यघटनेच्या व्यवस्थेचा भाग आहे. भारतात राज्यघटनेच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांना हा अधिकार दिला आहे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केहर सिंग प्रकरणात होम्स यांचेच म्हणणे आधाराला घेतले.

व्यापारात हीच वाट अधिक शांतपणे चालली गेली. मुदतीची हुंडी ज्या दिवशी देय होते त्या दिवशी पैसे आले नाहीत, तर धनको पूर्वी आपखुशीने दोनतीन दिवस थांबत असे. त्याची रूढी झाली आणि रूढीचा कायदा झाला. भारताच्या १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या २२ व्या कलमानुसार मुदतीच्या विपत्राला (म्हणजे अशा हुंडीला) तीन दिवस जोडूनच देय तारीख काढतात : ८ जूनला तीन महिन्यांच्या मुदतीने लिहिलेले विपत्र ८ सप्टेंबरला नव्हे, ११ सप्टेंबरला देय होते, आणि त्या दिवशी सार्वजनिक सुटी आली तर आदल्या कामाच्या दिवशी. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हे ‘सवलतीचे दिवस’ न विसरता मिळवतात, पण सवलत देणारा यात कोणी राहिलेलाच नाही. इंग्लंडने १९७१ च्या कायद्याने हे दिवस काढून टाकले, आपण ठेवले. आयुर्विम्यात हप्ता चुकल्यावर साधारणपणे मासिक हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्याला ३० दिवस ग्रेस पिरियड मिळतो आणि त्या काळात विमेदाराचा मृत्यू झाला तर थकलेला हप्ता वजा करून वारसाला विम्याची रक्कम द्यावी लागते. कंपनीची मर्जी इथे चालत नाही. (आरोग्य विम्यात अटी निराळ्या असू शकतात, तेव्हा आपली पॉलिसी वाचलेली बरी.) कचेरीतल्या ग्रेसची गत तर सर्वांना ठाऊक आहे. दहाची वेळ आणि दहा मिनिटांची ग्रेस असली की बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रापुढे खरी रांग दहा वाजून आठ मिनिटांनी लागते. लोकल उशिरा आली त्या दिवसासाठी ठेवलेली सवलत रोजची वेळ होऊन बसते आणि मग ज्या दिवशी लोकल खरोखर उशिरा येते, त्या दिवशी ‘ग्रेसवर ग्रेस’ मागावी लागते.

आता सरकारी ठरावातला अनुग्रह. लॅटिन ‘एक्स ग्रातिया’ म्हणजे कृपेपोटी दिलेले. अपघातातील मृतांच्या नातेवाइकांना जाहीर होणारी मदत किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीला मिळणारी रक्कम मराठीत ‘सानुग्रह अनुदान’ म्हणून ओळखली जाते. गुरूच्या कृपेचा शब्द असा वित्त विभागाच्या कागदावर जाऊन पोचला आहे. या शब्दाचे काम मात्र धार्मिक नाही, सावधपणाचे आहे : पैसे देतो, पण देणे लागतो असे कबूल करत नाही, एवढे तो सांगतो. अशी मेहेरबानी फार काळ मेहेरबानी राहत नाही. ग्रॅच्युइटी ही एके काळी मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी होती. १९७२ च्या कायद्याने सलग पाच वर्षे नोकरी केलेल्याला दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने ती मिळण्याचा हक्क दिला. निवृत्तिवेतनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल देताना ते बक्षीस नाही आणि मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली ‘ग्रेस’ही नाही, असे ‘ग्रेस’ हाच शब्द वापरून सांगितले. निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. याचे टोक गाठले गेले ते कोविडच्या काळात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्याचा उल्लेख आहे. ते देणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी ठरवले आणि त्यानंतर कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांसाठी ५० हजार रुपयांची रक्कम निश्चित झाली. बंधनकारक कृपा हा शब्दप्रयोग ऑगस्टिनला मुळीच समजला नसता, पण रांगेत उभे राहिलेल्या कुटुंबांना तो व्यवस्थित समजला.

परीक्षेतील ग्रेस ही याच प्रवासातली सर्वांत गोंधळाची जागा आहे, कारण तिथे तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे. थोड्या गुणांनी नापास होणाऱ्याला नियमाने ठरलेल्या मर्यादेत गुण देऊन वर काढणे, ही मूळ अर्थाच्या सर्वांत जवळची ग्रेस. विद्यार्थ्याने ते गुण मिळवलेले नसतात आणि त्यालाही ते माहीत असते. खेळाडूंना किंवा चित्रकलेच्या सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत मिळणारे वाढीव गुण ही दुसरी गोष्ट. ते मैदानावर किंवा कागदावर घाम गाळून कमावलेले असतात आणि त्यांना ग्रेस म्हणणे त्या मुलांवर थोडा अन्यायच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे चुकीच्या प्रश्नाबद्दल किंवा वाया गेलेल्या वेळेबद्दल दिलेले गुण. ती भरपाई आहे, म्हणजे संस्थेने फेडायचे देणे.

२०२४ च्या नीट परीक्षेत हा गोंधळ देशाने पाहिला. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले. ते भरपाई म्हणून दिल्याचे परीक्षा घेणारी यंत्रणा सांगत होती, पण सर्वांच्या तोंडी ‘ग्रेस मार्क’ हाच शब्द बसला आणि ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांना ती मर्जी वाटली. द्राक्षमळ्यातल्या पहाटेच्या मजुरांची कुरकुर इथे चुकीची म्हणता येत नाही, कारण मळ्याचा मालक आपल्या पैशाचा मुखत्यार असतो, पण प्रवेशपरीक्षेत एकाला वाढवून दिलेला गुण दुसऱ्याची जागा खातो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १३ जूनला ते गुण रद्द करण्याचे ठरले आणि त्या विद्यार्थ्यांना दोन पर्याय मिळाले : वाढीव गुणांविना मूळ गुण स्वीकारायचे किंवा २३ जूनला पुन्हा परीक्षा द्यायची. त्यांपैकी ८१३ जण परीक्षेला बसले. उरलेल्यांचे मूळ गुण कायम राहिले.